जनरलची बदली, आजोबांची तिथी

राजापूर, १० जून २०२५

चि. विशाखा हिस अनेक आशीर्वाद.

शेजारचा संदेश सुट्टी संपवून बहरीनला निघालाय. त्याच्या बॅगेत आंबोशीशेजारी हे पत्र. फोनवर तू घाईत आणि मी बहिरा.

एक काम आहे. माझ्या जन्माआधीच बाबा मलायात लढायला गेले आणि जपान्यांच्या कैदेत वारले. तारीख कुणी कळवली नाही, म्हणून त्यांचं श्राद्ध सर्वपित्रीला उरकतो. पण त्यांच्यासोबत कैदेत असलेले जमालुद्दीनचाचा परतल्यावर आईला सांगायचे: जनरल तोबेता बदलीवर निघाला, सलामीसाठी आम्हाला दिवसभर उन्हात उभं केलं, त्याच संध्याकाळी तुमचा गुंडू गेला.

ती बदली कधीची, शोधशील? मला त्र्याऐंशी संपली. एकदा तरी वडिलांना त्यांच्या तिथीला जेवू घालीन म्हणतो.

तुझा आप्पा

अदलिया, बहरीन, ६ जुलै २०२५

ती. आप्पांस शि. सा. न.

आंबोशी पोचली; ऑफिसातल्या सुनीताने निम्मी पळवली.

तोबेताचं चरित्र मागवून वाचलं. मांचुरियात घोडदळ, मग मलाया, बढती, ब्रह्मदेश. युद्धानंतर म्हातारा होऊन आपल्या घरी वारला. त्याचा घोडा कधी मेला तेही लिहिलंय. कैद्यांवर एकच ओळ: त्यांचा तांदूळ निम्मा केला.

बदलीच्या तारखा मात्र दोन निघाल्या. चरित्र म्हणतं तो २० ऑगस्ट १९४३ला निघाला. लष्करी इतिहासात २८ आहे. म्हणजे श्रावण वद्य पंचमी किंवा त्रयोदशी. एकच कळवून मोकळं व्हावंसं वाटलं. तुम्ही पडताळलं नसतंत, म्हणूनच धजले नाही. शिवाय त्या माणसाच्या बढतीवरून आजोबांची तिथी काढायची, हे मनाला टोचतं. चुकतेय का मी?

गोळ्या वेळेवर घ्या. माया आहे तशीच असू द्या.

तुमची विशाखा

राजापूर, १४ ऑगस्ट २०२५

चि. विशाखा हिस अनेक आशीर्वाद.

जनरलचा एवढा तरी उपयोग होऊ दे. टोचून घेऊ नकोस.

आधी त्रयोदशीच धरली होती. बाप आठ दिवस जास्त जगला, हे कुठल्या मुलाला नको असेल? तुझ्या आईला तसं सांगूनही टाकलं. मग एका दुपारी जेवताना तुझी ती तांदळाची ओळ आठवली आणि घास तसाच हातात राहिला.

काल पंचमीला पान वाढलं. काळ्या वाटाण्याचं सांबार, वडे आणि भात. भात मीच वाढला. तुझी आई म्हणाली, पानाबाहेर जातोय. म्हटलं, जाऊ दे.

बाबा आठ दिवस आधी सुटले असं धरलंय.

माझे आशीर्वाद आहेतच. त्यांना दोन पुस्तकं लावून बघू नकोस.

तुझा आप्पा