मुडद्याचे लाल पाकीट

हंगद्यान चित्रनगरी, ९ मार्च, दुपारी सव्वातीन

तीर्थरूप बाबा,

आत्ताच मरून उठलो आणि तोंडावरचे खोटे रक्त पुसतो आहे. तुम्ही वाचून दाखवत होता, त्या तलवारबाजांच्या कादंबरीवर इथे मालिका होते आहे. न सांगता पळालेला शिष्य मरताना "गुरुजी, चुकलो" म्हणतो. ते काम मला मिळाले. तोंडून मात्र "बाबा, चुकलो" निघाले.

"अरे मढ्या, बाप कुठून आणलास?" दिग्दर्शक ओरडले. दुसऱ्यांदाही तेच निघाले, तेव्हा कोणी हसले नाही.

पडद्यावर मरणाऱ्याला अपशकुन टळावा म्हणून लाल पाकीट देतात. ते पैसे त्याच दिवशी खर्चायचे असतात. मी गावचे तिकीट काढले. पत्र टाकत नाही. मीच आधी पोहोचेन. तीन वर्षांनी दार उघडाल ना?

पाकिटात शंभर युआन, तिकीट एकशे चाळीस. मेकअपवाल्या मावशींचे चाळीस देणे.

तुमचा,
यानशेंग