डाव्या कानाचा मळ

सोमवार, ३
आलो एकदाचा लेकीच्या घरी! खोली लहान, पण उजेडाची. खिडकीशी टेबल, टेबलावर ही वही. लेक म्हणाली, बाबा, पाहुण्यासारखं वागायचं नाही. फक्त फोन जरा हळू लावा. फोनवर हिचा, लेकीच्या आईचा, आवाज आहे. दुसरीच्या वर्गातल्या पोरांसाठी हिनं स्वतः रचलेली कविता, चाळीस ओळींची, तिच्याच गळ्यातली. कॅसेट बुरशीनं गेली, त्याआधी जावयांनी फोनवर उतरवून घेतली म्हणून वाचली. हिला जाऊन सहा वर्षं झाली. एवढीच उरली आहे ती.

मंगळवार, ४
बिनतारी इयरबड घ्यायला गेलो. एकानं कानात दडे बसले, दुसरे मान हलवली की खाली. शेवटी एक स्वस्तातली जोडी अशी बसली, जणू माझ्या मापानं घडवलेली. दुकानदार म्हणाला, काका, ही कुणीतरी परत केलेली आहे, डाव्यात मळ साचतो, रोज साफ करा. म्हटलं, बाबा रे, उभा जन्म शाळेत पोरांचे कान तपासण्यात गेला, मला मळाची भीती घालतोस? फोनला चुटकीसरशी जोडली गेली. डोळे मिटले:
चिमणबाई, चिमणबाई, दार जरा लोटून घे,
ओल्या माझ्या पाटीवरती ऊन थोडं सांडून दे…
खडूची धूळ, ओल्या पाट्या, खिडकीपाशी उभी ही. डोळे भरून आले.

गुरुवार, ६
डाव्याच्या रबरावर मळ. तपकिरी, मेणचट, त्यात एक आखूड केस. उजवा लख्ख. टाचणीनं काढला, कागदाला पुसला, फेकला.

शनिवार, ८
आज वाटाण्याएवढा. जाळीतून दोऱ्यासारखा निघतच राहिला. कोमट होता. आंबूस वास. शी! बेसिनमध्ये सोडून नळ उघडला. लेकीनं विजेरी लावून माझा कान पाहिला, म्हणाली, बाबा, कान तर आरशासारखा आहे. मग हा मळ कुणाचा?

रविवार, ९
कविता तोकडी वाटली. ओळी मोजल्या. एकतीस. लेकीनं फोन आपल्या कानाला लावला. तिलाही मधेमधे नुसती खरखर.

सोमवार, १०
मळ काढला नाही. ओळी एकतीसच राहिल्या. म्हणजे — टाचणीवर कणभर उचलला, कानाजवळ नेला. आत ही बोलत होती. अगदी बारीक. पाटीवरती ऊन थोडं —
आणि मी बेसिनमध्ये सोडली हिला. नळ उघडून.

मंगळवार, ११
आंघोळीला गेलो तेवढ्यात लेकीनं बड साफ केले. स्पिरिट लावून, कापसानं. म्हणाली, किती घाण साचली होती हो बाबा! फोनवर आता सगळी खरखर.
कचऱ्याच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला. चोथा, साली, केसांचा गुंता — सापडला. कापसाला चिकटलेला.

दुपार
बोलते आहे. पण सुकतो आहे तो. सुकेल तसा आवाज बारीक — कानात भरला, ओघळून मानेवर आला. ओलसर जागा हवी. ओलसर, कोमट —

जिभेवर ठेवला. कडू. शी — पण टाळूतून, दातांतून — चिमणबाई, चिमणबाई, दार जरा —

केस घशाशी आलाय. लेक दार वाजवते आहे, बाबा, काय झालं म्हणून — तोंड उघडायचं नाही. ओकायचं नाही. ओकलो तर ही —