झडपेत मावणारा माणूस

३ मार्च, सोमवार
आजपासून रोजनिशी. रोज. मागच्या वर्षीची तीन पानांवर थांबली, पण त्या वहीचा कागदच चांगला नव्हता.
सकाळी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. लिफ्ट दुरुस्तीत बावीस वर्षं झाली, तेव्हा मला वाटलं सत्काराचं काहीतरी असेल. साहेब म्हणाले, नवीन नियम आलाय. लिफ्टच्या छतावर चढणाऱ्याचं वजन पंच्याण्णवच्या आत हवं. २८ एप्रिलला मेडिकल. नाही बसलात तर तुम्ही खाली तक्रारींच्या फोनवर, आणि तुमच्या जागी काडी.
काडी म्हणजे माझा जोडीदार. माझ्याच वयाचा आहे, पण पंखा लावला की खुर्चीला धरून बसतो.
तक्रारींचा फोन म्हणजे जिन्याखालची खोली. खिडकी नाही. दिवसभर लोकांच्या शिव्या खायच्या आणि "माणूस निघालाय" म्हणायचं. मला नाही जमणार. वर शाफ्टमध्ये अंधार असतो, दोरांना तेलाचा वास असतो, कोणी हाक मारत नाही. तिथे मी कोणीतरी असतो. खाली बसवलं तर मी संपलो.
आजचं वजन १०३. आठ आठवडे, आठ किलो. इतकं सरळ गणित! हिशोब करता करता भूक लागली.

५ मार्च, बुधवार
देव पावला. कंपनीच्या दवाखान्यात संशोधनवाली मंडळी आली होती. माणसाला त्याच्यापुरता वैयक्तिक आहारसल्ला दिला तर तो खरंच नीट खायला लागतो का, हे त्यांना तपासायचंय. निम्म्या लोकांना सगळ्यांसाठी एकच छापील पत्रक. उरलेल्यांनी रोज जेवायच्या आधी ताटाचा फोटो फोनवरून पाठवायचा, आणि एक आहारतज्ज्ञ बाई तो बघून खास सल्ला लिहिणार. चिठ्ठ्या टाकल्या. काडीला पत्रक आलं, मला बाई.
बिचारा काडी. जगाला दिलेलं तेच पत्रक त्यालाही. मी मनातल्या मनात बाईंचं नाव आहारताई ठेवलं.
फॉर्म फोनवरच भरायचा होता. वजनाच्या रकान्यात ८४ लिहिलं. त्यात कपडे, बूट आणि अवजारांचा पट्टा वजा केलाय. शिवाय लग्नात मी ८४ होतो आणि मनाने अजून तसाच आहे.

६ मार्च, गुरुवार
छोटी अडचण. जेवायच्या आधी फोटो काढायचा हे जेवून झाल्यावर आठवलं. ताट चाटूनपुसून साफ. पोरंही उठली होती. ही एकटी जेवायला बसत होती, म्हणून हिच्या ताटाचा फोटो काढून पाठवला. भात एकच, भाजीही त्याच पातेल्यातली. म्हणजे तत्त्वतः माझंच ताट.
आजच्या दिवसापुरतं.

८ मार्च, शनिवार
आजही विसरलो. हिचंच ताट.
आहारताईंचा पहिला सल्ला आला. तुमच्या उंचीच्या आणि कामाच्या मानाने तुम्ही फारच कमी जेवता, असं लिहिलंय. मी दोनदा वाचलं. जन्मापासून हे कोणीतरी म्हणावं म्हणून मी थांबलो होतो. रोज एक उकडलेलं अंडं, वाटीभर दही, चार वाजता मूठभर शेंगदाणे, आणि भात थोडा वाढवा.
हिला वाचून दाखवलं. ही हसायला लागली. बराच वेळ हसत होती. मग डोळे पुसून भांडी घासायला गेली.
शास्त्र ते शास्त्र. आजपासून काटेकोर.

१२ मार्च, बुधवार
सल्ला तंतोतंत पाळतोय. नेहमीचं जेवण, अधिक अंडं, अधिक दही, अधिक शेंगदाणे, अधिक वाढीव भात. मूठ कोणाची ते ताईंनी लिहिलं नव्हतं, म्हणून स्वतःची घेतली. माझ्या मुठीत मोठा पाना बसतो.
वजन १०४. काटा न्हाणीघरात आहे आणि तिथली फरशी उतरती आहे.

१७ मार्च, सोमवार
ताईंचा निरोप. ताटात अजून अंडं दिसत नाही, सल्ला जड जातोय का?
माझ्या प्रामाणिकपणावर शंका! अंडं मी रोज खातोय. फक्त ते फोटोतल्या ताटात नसतं. शेवटी मार्ग काढला. हिच्या ताटात अंडं ठेवायचं, दह्याची वाटी शेजारी, फोटो काढायचा, मग अंडं आणि वाटी माझ्याकडे घ्यायची. सल्ला वैयक्तिक आहे. दुसऱ्या कोणी तो खाल्ला तर संशोधनच बिघडेल.
ताईंनी लगेच उत्तर दिलं: शाब्बास. शाळा सुटल्यानंतर पहिल्यांदाच हा शब्द ऐकला. ऊर भरून आला.

२० मार्च, गुरुवार
वाईट दिवस. थोडक्यात लिहितो.
सात मजली इमारत, लिफ्ट चौथ्या-पाचव्याच्या मध्ये बंद पडलेली. आत मी, आणि भाजीची पिशवी आणि छत्री घेतलेल्या एक आजी. छतावर काडी. काडीला ब्रेक सुटेना, म्हणून मी छताच्या झडपेतून वर निघालो. डोकं गेलं. खांदे गेले. मग बाकीचा मी आलो आणि थांबलो.
वर जाता येईना, खाली येता येईना. काडी हात धरून ओढत होता. खालून आजी छत्रीने ढकलत होत्या आणि सांगत होत्या की त्यांचे हेही असेच होते, शेवटी डॉक्टरांनी कान उपटले. चाळीस मिनिटं. शाफ्टमध्ये इतका वेळ मी कधीच इतका दुःखी नव्हतो.
शेवटी काडीने दोरांचं ग्रीस आणलं. पुढचं लिहीत नाही.
झडप जुन्या मापाची आहे. कंपनीला पत्र लिहिणार.

२४ मार्च, सोमवार
आजींनी कौतुकाने ऑफिसात फोन करून सगळं सांगितलं. साहेबांनी तारखेची आठवण करून दिली. २८ एप्रिल. मी म्हटलं, माझा शास्त्रीय कार्यक्रम चालू आहे. साहेब माझ्या शर्टाच्या तिसऱ्या बटणाकडे बघत होते. ते बटण नव्हतं.
ठराव: सगळे मजले जिन्याने. दोन मजले चढलो. मग लिफ्ट तपासणं हे माझं कर्तव्यच आहे हे लक्षात आलं.

३० मार्च, रविवार
आहारताई डोळस बाई आहेत. आज विचारलं, तुम्ही घरात सगळ्यांच्या शेवटी जेवता का? भात तळाचा खरवडलेला दिसतो, भाजीत नुसता रस्सा. तुमच्या आधी कोण जेवतं?
खरं सांगावं तर संशोधनातून नाव जाणार, नाव गेलं तर सल्ला जाणार, सल्ला गेला तर वजन कसं उतरणार? खोटं तरी किती बोलायचं? मी लिहिलं: पोरं जेवतात, आणि घरातला एक माणूस. तो जरा जास्त जेवतो.
त्या म्हणाल्या, त्या माणसाशी एकदा बोलून बघा.
मी म्हटलं, बघतो.
वजन १०५. काट्याची बॅटरी उतरली असणार.

४ एप्रिल, शुक्रवार
फोटो काढून अंडं उचलत होतो, तेव्हा ही म्हणाली, अहो, रोज माझ्या ताटात येतं आणि फोटो काढून निघून जातं. एखाद दिवशी राहू दे की.
हिचा स्वभाव पहिल्यापासून विनोदी.
मी समजावलं की हा माझ्या नोकरीचा प्रश्न आहे, तीनच आठवडे उरलेत. ही बरं म्हणाली. ही नेहमीच बरं म्हणते.

१० एप्रिल, गुरुवार
काडी हल्ली डब्याबरोबर सफरचंद आणतो. पत्रकात लिहिलंय म्हणे. तळलेलं बंद केलंय, जिने चढतो, झोप चांगली लागते असं सांगतो. मला पत्रकाची एक प्रत दिली. मी डब्याखाली अंथरली. वैयक्तिक सल्ला घेणाऱ्याने असलं वाचून मन विचलित करू नये.
रात्रीचं जेवण बंद, असा ठराव केला. साडेसात ते आठ पाळला.

१६ एप्रिल, बुधवार
आनंदाची बातमी. ताईंनी कळवलं, गटात सगळ्यात सुधारलेलं ताट तुमचं. शेवटच्या बैठकीत तुमचे फोटो ओळीने दाखवू का? पहिल्या दिवशीचं ताट आणि आत्ताचं.
मी हो म्हटलं. मग घाबरलो. मग पुन्हा फोटो बघितले. खरंच सुधारलंय ताट. त्या ताटाचा मालक आत्तापर्यंत छान सडसडीत झाला असेल, झडपेतून सळकन वर जात असेल. मला त्या माणसाचा हेवा वाटायला लागलाय. त्याची सगळी कागदपत्रं माझ्या नावावर आहेत.
आणि मी सगळीकडून अडकलोय. वर काडी, खाली छत्री.

२१ एप्रिल, सोमवार
ही ओट्यापाशी चक्कर येऊन पडली.
मी कामावर होतो. थोरल्याने फोन केला. दवाखान्यात पोचलो तेव्हा सलाईन लावलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अंगात रक्तच नाही, महिनोन्‌महिने उपाशीपोटी राबतायत या. घरात कोणाच्या लक्षात आलं नाही का?
मी म्हटलं, मी बाहेर असतो.
त्यांनी आहाराची चिठ्ठी लिहून दिली. रोज एक उकडलेलं अंडं. वाटीभर दही. चार वाजता मूठभर शेंगदाणे. भात थोडा वाढवा. शेवटी जेवू नका.
मी चिठ्ठी वाचली आणि आधी राग आला, की आहारताईंचा माझा खास सल्ला यांनी उचलला कुठून? मग दवाखान्याच्या बाकावर बसलो. चिठ्ठी पुन्हा पहिल्यापासून वाचली.

२५ एप्रिल, शुक्रवार
ही घरी आली. अंडं मी उकडलं. पहिलं फुटलं, दुसरं कच्चं राहिलं. तिसरं दिलं. ही सवयीने थांबली, फोटो काढायचा असेल म्हणून.
मी म्हटलं, खा.
आजही फोटो पाठवला नाही. ताईंचे दोन निरोप येऊन पडलेत.

२८ एप्रिल, सोमवार
मेडिकल. बूट काढले, पट्टा काढला, घड्याळ काढलं, श्वास सोडला.
१०६.
कंपनीच्या काट्याखाली फरशी सपाट होती. वाकून बघितलं.

२९ एप्रिल, मंगळवार
जिन्याखालची खोली. पहिलाच फोन एका बाईचा. लिफ्टमध्ये अडकल्या होत्या, रडत होत्या. म्हणाल्या, इथे कोणाला माझी हाक ऐकू येत नाही हो. मी म्हटलं, माणूस निघालाय. काडी निघाला होता. तो पोचेपर्यंत त्यांच्याशी बोलत राहिलो. पंचवीस मिनिटं. घरी कोण कोण असतं, जेवण झालं का, असलंच काहीबाही.
शिव्या कोणी दिल्या नाहीत.

१ मे, गुरुवार
संशोधनाचा शेवटचा दिवस. एकदा तरी खरं करायचं ठरवलं. जेवायच्या आधी, चक्क आधी, माझ्या स्वतःच्या ताटाचा फोटो काढला. भाताचा डोंगर, बटाटे, चार पाव, वर लोणी. वजन १०६ असंही लिहिलं आणि पाठवून दिलं.
दहा मिनिटांत उत्तर आलं. चुकून दुसऱ्या कोणाचा फोटो आलाय. हे तुमचं ताट नाही. दोन महिने रोज बघतेय, तुमचं ताट मी ओळखते. दहा दिवस दिसलं नाही म्हणून काळजी वाटली. तब्येत बरी आहे ना?
फोन हिच्या हातात दिला. हिने पहिल्यापासूनचे सगळे निरोप वाचले, एकेक फोटो थांबून थांबून बघितला. मला वाटलं आता बोलणार. मला हवंही होतं.
ही म्हणाली, अहो, बाईंना कळवा, आता जरा बरं वाटतंय म्हणून.
तेवढंच लिहून पाठवलं.