उजवी वायर

मंगळवार, ता. ४

ती. सौ. मामीस,
सा. न. वि. वि.

तू तिकडे ताईच्या बाळंतपणात, तेव्हा आधी बाळाचा पापा घे. ताईला सांग, मी फोन करत नाही म्हणून रुसू नये. माझा फोन परवा बादलीत पडला, आणि मामांच्या फोनवरून बोलायचं तर मामा शेजारीच बसलेले असतात. जे सांगायचंय ते त्यांच्यासमोर सांगण्यासारखं नाही. हे पत्र एकटी असताना वाच, आणि बसून वाच.

तुमच्याकडे दोन दिवसांसाठी आलो होतो, आज एकोणिसावा. मधे मामांच्या गाणी ऐकायच्या खोलीला रंग लावायचं निघालं. मामांनी स्पीकर, ॲम्प्लिफायर, खुर्ची, सगळं माझ्या खोलीत आणून ठेवलं. दोन्ही स्पीकर खाटेच्या अलीकडे-पलीकडे, आणि मधे मी, पहाऱ्यात ठेवल्यासारखा. रंगाऱ्याचीही एक गंमत आहे, तो शिडीवर असला की गातो आणि खाली उतरला की मुका. पण ते राहू दे. मला नदीपलीकडच्या टेकडीवर जायचं होतं आणि सॅकचा पट्टा तुटला. माळ्यावर एका मऊ पिशवीत करड्या विणीचे दोन दोर सापडले, अंगठ्याएवढे जाड. त्यातल्या एकाचा हातभर तुकडा मी कापून घेतला. कापताना आत तार लागली. मला वाटलं, मजबुतीसाठी घातली असेल. पट्टा असा झकास झाला की टेकडीवर दोघांनी विचारलं, कुठे मिळाला.

परत आलो तर रंग वाळला होता आणि मामा खोलीत त्यांचे ते छोटे ठोकळे मांडत होते. कवळ्यांच्या साच्याला वापरतात त्या प्लास्टरचे, स्पीकरची वायर जमिनीला टेकू नये म्हणून खास ओतलेले. म्हणाले, माळ्यावरची पिशवी आण, जपून आण, त्यात माझे दोन महिन्यांचे पगार आहेत. मला वाटलं, पैसे ठेवलेत. उघडली तर माझे दोर. मामी, मी शिडीवर होतो तिथेच बसलो. दोन पगारांत मी अख्खं वर्ष फिरतो.

रंगाचा वास जाऊ दे, उद्या लावू, अशी थाप मारली. दुसऱ्या दिवशी मामा कवळ्या करायला गेल्यावर मी हार्डवेअरच्या दुकानातून इस्त्रीची वायर आणली. कापलेल्या दोरातली जुनी तार ओढून काढली आणि ती करडी वीण मोज्यासारखी ताणून नव्या वायरीवर चढवली. ताणली की लांब होते, पुरली. टोकाच्या सोनेरी पिना कथलाचा डाग देऊन बसवल्या आणि ही वायर डाव्या स्पीकरला लावली. सायकलच्या दुकानात होतो तेव्हा डाग द्यायला शिकलो होतो, ते असं कामाला आलं. एक नवल वाटलं. आतून निघालेली तारही लाल-काळीच होती, दुकानात मिळते तशी. दोन पगारांच्या वस्तूच्या पोटात हे? पण मला त्यातलं काय कळतं. तांबं खास असेल.

रविवारी मामांनी रेकॉर्ड लावली. अख्खी एक बाजू ऐकली. मग चष्मा काढून डोळे पुसले आणि म्हणाले, वायर उघडली. नवी वायर दोनशे तास वाजल्याशिवाय मोकळी होत नाही म्हणे, आणि हिला तीन वर्षं लागली. दम धरला त्याचं फळ मिळालं, असं मला समजावून सांगत होते. मी मान हलवत होतो. आता काय करू ते कळव.

लोभ आहेच, तो मधूनच कापू नये.

तुझा,
भिंगऱ्या


शनिवार, ता. ८

चि. भिंगऱ्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचताना हातातलं दुपटं गळून पडलं. ताई विचारायला लागली, काय झालं. म्हटलं, मामांनी भिंतीला भलताच रंग दिला. घरात सुतळीचा अख्खा गुंडा होता, दाराच्या मागे खुंटीला. तो तुला दिसला नाही आणि माळ्यावरची पिशवी बरोबर दिसली. पायाला भिंगरी आहे ती आहे, हातालाही असेल असं वाटलं नव्हतं.

मामांना काही बोलू नकोस. रविवारी गाणी ऐकायला येतात त्या बेकरीवाल्यांच्या अंगठीचा एकदा रेकॉर्डला ओरखडा गेला होता, तर महिनाभर त्यांच्याकडचा पाव घरात आला नव्हता. ओरडत नाहीत रे ते. गप्प बसतात. ते गप्प बसणं तू पाहिलेलं नाहीस, मी पाहिलंय. त्यांना आवाज आवडलाय ना, मग झालं. कोणाचं काही बिघडलेलं नाही.

एक विचारते. तू डावीच वायर उघडलीस ना? उजवीला हात लावू नकोस. उघडू नकोस, ओढू नकोस, पुसूसुद्धा नकोस. का ते विचारू नकोस.

बाळ छान आहे. झोपेत भुवया उडवतं, अगदी मामांसारख्या. दूध तापवलं की गॅसपाशी उभा राहत जा, टेकडीकडे बघत नको.

माया आहे म्हणून रागावते, हे ओळखून असावं.

तुझी मामी


सोमवार, ता. १०

ती. सौ. मामीस,
सा. न. वि. वि.

कोणाचं काही बिघडलेलं नाही असं तू लिहिलंस. पत्र आज सकाळी आलं, आणि बिघडलं काल.

रविवारच्या बैठकीला बेकरीवाले आले, बसवालेही आले. बसवाल्यांना तू ओळखतेस, वीस वर्षं गावातली बस हाकतायत. आठवडाभर इंजिन ऐकून कानात काजळी धरते, ती इथे येऊन धुतो, असं म्हणतात. मामांनी तीच रेकॉर्ड लावली. बेकरीवाले म्हणाले की गाणारी श्वास कुठे घेते तेही आता दिसतं. रेकॉर्ड संपल्यावर बसवाल्यांनी त्या करड्या विणीवरून हात फिरवला, आजारी माणसाच्या कपाळावरून फिरवावा तसा, आणि विचारलं, ही जोडी मला देता का. नवी नको. हीच, उघडलेली.

मामांच्या मनात आधीच हिच्या वरची, आणखी महाग वायर घोळतेय. त्यांनी थोडा विचार केला आणि हो म्हणाले. एका पगारात. बसवाले म्हणाले, पैसे तयार आहेत, वॉशिंग मशीनसाठी साठवले होते. बायकोची मनगटं धुण्याने सुजतात, पण इतकी वर्षं थांबली तशी आणखी थोडी थांबेल. येत्या रविवारी पैसे घेऊन येतात.

मी चहाचा ट्रे धरून उभा होतो. मामी, त्या डाव्या वायरीची किंमत त्या ट्रेवरच्या बिस्किटांपेक्षा कमी आहे.

मला निघून जाता येतं, हे तुला माहीत आहे. मी तेवढं एकच नीट शिकलोय. आज पहाटे सॅक भरलीसुद्धा. पण खांद्यावर चढवायला गेलो आणि पट्टा हातात आला, तो काही चढवेना. बसवाल्यांची बायको मी पाहिलेली नाही, तरी सकाळपासून तिची मनगटं दिसतायत. दूध घेऊन येताना बोहारीण दिसली, एका पातेल्यासाठी तिची आणि खालच्या बाईंची जुंपली होती, तीही धड ऐकली नाही, यावरून समज.

मी मामांना सांगणार. सांगू ना? आणि उजवीचं काय आहे, ते लिही.

उत्तर लवकर यावं, लोभ सावकाश आला तरी चालेल.

तुझा,
भिंगऱ्या


गुरुवार, ता. १३

चि. भिंगऱ्यास,
अ. उ. आ.

बाळ झोपलंय, ताई झोपलीय. आता लिहिते. हे पत्र वाचून फाडून टाक.

दोन वर्षांपूर्वी मी साफसफाई काढली होती. त्या विणीवर बोटभर धूळ. मला वाटलं, कापडच आहे. मी दोन्ही वायरी काढल्या, साबणाच्या पाण्यात तासभर भिजत घातल्या, चोळल्या, पिळल्या आणि दोरीवर वाळत टाकल्या. परत लावल्या तर एक स्पीकर खरखरला आणि दुसरा मुकाच. खालच्या मजल्यावरच्या इलेक्ट्रिशियनला दाखवल्या. आत पाणी शिरलं, टोकं गेली, वहिनी ह्या संपल्या, असं म्हणाला. किंमत मला माहीत होती. त्याच्या दुकानातल्या स्टुलावर बसून मी रडले. त्याने दोन्हींतलं आतलं सगळं काढून साधी वायर घातली आणि पैसेही घेतले नाहीत.

त्या संध्याकाळी मामांनी रेकॉर्ड लावली आणि म्हणाले, आज काहीतरी मोकळं वाटतंय. खिडक्यांची धूळ गेली म्हणून असेल, असंही म्हणाले. तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. मग उद्या सांगू म्हटलं. तेव्हापासून दर रविवारी मी दाराशी उभी राहून त्यांच्या तोंडाकडे बघते, आज कळेल की काय म्हणून.

तेव्हा तुझ्या सॅकला दोन पगार लागलेले नाहीत. वीण तेवढी खरी आहे.

बसवाल्यांच्या बायकोची मनगटं मी पाहिलीत. तू सांग, सांगायलाच हवं. पण तुझं सांग. माझं मी आल्यावर सांगेन. खरं म्हणजे सांगेन की नाही, मलाच ठाऊक नाही.

लोभ धरावा, आणि तोंडही.

तुझी मामी


सोमवार, ता. १७

ती. सौ. मामीस,
सा. न. वि. वि.

हे पत्र स्टँडच्या बाकावरून लिहितोय. बस तासाभराने आहे, कुठली ते अजून ठरलेलं नाही.

काल बसवाले बायकोला घेऊन आले. ती खुर्चीच्या कडेवर बसली, बस थांबली की उतरायचंय अशी. पाकीट तिच्याच पिशवीत होतं. तिने ते काढून स्पीकरवर ठेवलं आणि म्हणाली, यांना एवढं हवंय तर घेऊ दे, मला हात आहेत. मी तिथेच तोंड उघडलं. टेकडी, पट्टा, इस्त्रीची वायर, सगळं एका दमात सांगितलं.

मामा रागावले नाहीत. त्यांनी कात्री आणली आणि डावी वायर मटाराची शेंग सोलावी तशी टोकापासून उसवली. आत लाल-काळी. बेकरीवाले हसले आणि मग खोकल्यासारखं केलं. मामांचे कान लाल झाले होते. म्हणाले, निदान खरी वायर कशी असते ती बघून घ्या, म्हणजे फरक कळेल. आणि उजवी हातात घेतली. मी नको म्हणेपर्यंत कात्री चालली होती.

आत लाल-काळी.

रेकॉर्ड संपून सुई शेवटच्या चरीत गोल फिरत होती, ती उचलायचंसुद्धा कोणाला सुचलं नाही. मामांचं तोंड मला बघवेना. मी म्हणालो, दोन्ही मीच बदलल्या. मामांनी खिशातून दात तपासायचं भिंग काढलं, उजवीचं टोक डोळ्याशी धरून बराच वेळ पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. भिंग खिशात ठेवलं. पाकीट उचललं आणि दोन्ही हातांनी बसवाल्यांच्या बायकोला दिलं. जाताना ती म्हणाली, मला तर गाणं आवडलं होतं बाई, आत काय का असेना.

आज निघताना पट्टा सोडून ठेवत होतो. मामांनी तो परत अडकवला, सॅक स्वतः माझ्या खांद्यावर चढवली आणि म्हणाले, मजबूत आहे. एवढंच. मी तुझं नाव घेतलेलं नाही.

पत्ता नसला तरी लोभ पोचता करावा.

तुझा,
भिंगऱ्या


गुरुवार, ता. २०

सौ. घरच्या माणसास,
स. न. वि. वि.

तीस वर्षांत तुला पत्र लिहायची वेळ आली नाही. मायना काय लिहावा कळेना, म्हणून नमस्कार लिहिला. चुकून लिहिलेला नाही.

पोराने दोन्ही वायरी स्वतः बदलल्या असं सांगितलं. मी आयुष्यभर कवळ्यांच्या तारा जोडतोय, जोड बघून हात ओळखतो. डावीचा डाग ढेकळासारखा आणि चकचकीत. उजवीचा सपाट, काळवंडलेला, दोनेक वर्षांचा. आपल्या खालच्या इलेक्ट्रिशियनचा हात. मी खाली गेलो, वायर त्याच्यासमोर ठेवली. त्याने ती पाहिली, आणि पहिलं काय विचारलं असेल तर वहिनी बऱ्या आहेत ना. मग सगळं सांगितलं. स्टूलही दाखवलं.

दोन पगार पाण्यात गेले, तो धक्का त्याच्या दुकानातून वर येईपर्यंत ओसरला. दुसरा अजून ओसरत नाही. दर रविवारी रेकॉर्ड लावली की तू दाराशी येऊन उभी राहायचीस. मला वाटायचं, हळूहळू हिला गाण्याची गोडी लागतेय. मी बेकरीवाल्यांना अभिमानाने सांगितलंसुद्धा. माझा कान तिखट आहे असं हे लोक म्हणतात. तुझं ते उभं राहणं मला दोन वर्षं ऐकू आलं नाही.

मी त्या ओरखड्यावरून महिनाभर गप्प होतो, ते तुझ्या लक्षात राहिलं असणार. मला ते शहाणपण वाटत होतं. काल बेकरीवाल्यांकडे जाऊन त्याबद्दल बोलून आलो. ते विसरलेही होते. पाव दिला.

बसवाल्यांकडे मशीन आली. आम्ही दोघांनी उचलून वर नेली, माझी कंबर धरली आहे, काळजी नको. वरची वायर घ्यायची नाही असं ठरवलं आहे. त्या उसवलेल्या लाल-काळ्या वायरीच परत जोडल्या, वीण न घालता. भीत भीत रेकॉर्ड लावली. तीच जागा आली आणि डोळ्यांत पाणी आलं, पहिल्यासारखंच. आधी लाज वाटली. मग विचार केला, मी बनवतो ते दातही खोटेच असतात, पण लोक त्यांनी जेवतात ते खरंच जेवतात.

आवाज मधोमध यावा म्हणून केलेली खुर्चीची जमिनीवरची खूण पुसली. दुसरी खुर्ची आणून शेजारी मांडली आहे. त्यामुळे दोघांनाही मधोमध बसता येत नाही, थोडं इकडे, थोडं तिकडे होतं. चालेल. ताईला आणि बाळाला आशीर्वाद. ये तेव्हा दाराशी उभी राहू नकोस.

लोभ आहे तसा असावा, भीती तेवढी नसावी.

तुझाच