अवजारांची पेटी, उषा हिच्या नावे

मी, दिगंबर सुपडू महाजन, वय बावीस, राहणार बुधवारा, बुऱ्हाणपूर, जिल्हा निमाड, पूर्ण शुद्धीवर असून, कोणाच्याही दडपणाखाली नसून, हे मृत्युपत्र लिहितो. परवा लष्करी कारखान्यात फिटर म्हणून निघणार. मी परत येणारच आहे. पण भरतीचे बाबू म्हणाले, लिहून ठेवा, म्हणून लिहितो.

मसुदा शेजारचे शालिग्रामकाका चौधरी, अर्जीनवीस, यांच्या ओसरीवर बसून करीत आहे. त्यांची मुलगी उषा मी मागितली तेव्हा ते म्हणाले होते, "ना धड कॉलेज, ना धड लोहार. असा जावई कोण करील?" तरी कायद्याची भाषा त्यांच्याइतकी गावात कोणाला येत नाही, हे मी रागातही मानतो.

एक. घरातील माझा वाटा थोरले बंधू मधुकर यांस. मी नापास होऊन नागपूरचे कॉलेज सोडले, असे ते सांगत फिरतात. हाताचे वंगण पाहून प्रोफेसरांनी वर्गाबाहेर काढले, आणि मी पुन्हा आत गेलो नाही. वाटा घेण्यापूर्वी दादांनी हे चारचौघांत सांगावे.

दोन. सायकल मित्र लोटू यास. ब्रेक मी काढला आहे, तो आधी बसवून घ्यावा.

तीन. चहाच्या खोक्याची केलेली अवजारांची पेटी उषा हिला. त्यांच्याकडे कडी निखळली की सुतार येईपर्यंत दाराला पाटा टेकवतात. उषा विचारते, "मला का येऊ नये हे?" येईल. नवशिक्याला लागते तेवढेच ठेवले आहे. हातोडीचा दांडा शेवटाशी धरावा. वर धरला की खिळा वाकतो. पेचकस दोन आहेत. जो स्क्रूच्या खाचेत घट्ट बसेल तोच घ्यावा. पकडीने खिळे उपटावेत, नट फिरवू नये, त्याचे कोपरे जातात. त्यासाठी पाना आहे. गिरमिटाने आधी भोक, मग स्क्रू. करवतीची पहिली खूण मागे ओढून करावी. रंधा आणि पटाशी मुद्दाम ठेवली नाहीत. ती हात बसल्यावर. काम झाले की तेलाचा फडका फिरवावा.

काका मध्येच म्हणाले, "अरे, मृत्युपत्रात पेचकस कोणी लिहितं का?"

"काका, शेत असतं तर शेत लिहिलं असतं."

चार. उषाचे लग्न अन्यत्र झाल्यास पेटी रुखवतात मांडावी, शेवयांच्या शेजारी, झाकण उघडे ठेवून. वरपक्ष हसला तर हसू द्यावा. हे लिहिताना मला काय होते ते येथे लिहीत नाही.

पाच. पहिले साक्षीदार दगा पाटील. दुसरा म्हणून लोटूला हाक मारली, तर काकांनी हात आडवा केला. "तो नको. सायकल त्याला जाते. ज्याला काही मिळायचं त्याची साक्ष मी घेत नाही. सही करायची तर सायकल सोडावी लागेल."

लोटू मागे सरकला. दारातून उषा म्हणाली, "मग मी करते."

"तुझी पेटी जाईल."

"जाऊ द्या, बाबा. मला ती अशी नको. यांनी येऊन शिकवावं."

काकांनी कागद तिच्याकडे फिरवला. मग त्यांनी दौत तिच्यापुढे सरकवली.

सबब कलम तीन व चार मी आनंदाने रद्द करतो. मी येईतो पेटी काकांच्या ओसरीत राहील. बाकी कलमे कायम.

लिहून देणार: दिगंबर सुपडू महाजन
साक्ष: दगा रामजी पाटील
साक्ष: उषा शालिग्राम चौधरी

मुक्काम बुऱ्हाणपूर, ता. २१ फेब्रुवारी १९४३