पाइपांची खोली

१२ जानेवारी, रविवार

चर्चमधून, मिस्साहून आल्यावर ठरवलं, रोजनिशी ठेवायची. कोणाला दाखवायला नाही, माझ्यासाठीच. संग्राहकाने नोंदी ठेवाव्यात.

पहिली नोंद. मी स्मोकर नाही, कलेक्टर आहे. स्मोकर म्हणजे शेजारचा स्टॅनी, एक सिगारेट विझायच्या आत दुसरी. मी तंबाखूचे पाइप जमवतो. ब्रायर लाकडाचे, पांढऱ्या मिरशॉम दगडाचे, मक्याच्या कणसाचेसुद्धा. जमवलेली वस्तू चालते की नाही ते पाहावं लागतं, म्हणून अधूनमधून पेटवतो. सेलिन म्हणाली, अधूनमधून म्हणजे चहानंतर, जेवणानंतर आणि रोझरीच्या प्रार्थनेनंतर. छत्तीस वर्षं शाळामास्तराबरोबर काढली, पण बाईला शास्त्रीय दृष्टी आली नाही.

संध्याकाळी सँड्राचा फोन. आमची एकुलती एक. लग्नानंतर नायगावला टॉवरमध्ये, बाराव्या मजल्यावर; सासर निर्मळला. मेच्या शेवटी डिलिव्हरी. पहिलं बाळंतपण, तेव्हा माहेरीच, आमच्या गास गावी. मार्चमध्ये येते म्हणाली. फार आनंद झाला. अट एकच, तिची जुनी खोली रिकामी हवी आणि घरात धूर नको. डॉक्टर म्हणे सांगतात, पडद्यात बसलेला वाससुद्धा बाळाला वाईट. मी म्हणालो, बेटा, अख्खा फेब्रुवारी हातात आहे.

तिच्या खोलीत सध्या संग्रह आहे.

संकल्प: महिनाअखेर खोली रिकामी.

२ फेब्रुवारी, रविवार

खोली रिकामी झाली नाही. कारण रास्त आहे. हलवण्याआधी यादी करायला हवी, यादीआधी सफाई, आणि सफाईला पाइप क्लीनर. नालासोपाऱ्याच्या स्टेशनरीवाल्याकडे फक्त गुलाबी आणि चमकीचे हिरवे निघाले. शाळेच्या क्राफ्टसाठी असतात म्हणे. दुकानदाराने विचारलं, अंकल, कितवीचा प्रोजेक्ट? म्हणालो, नातवंडाचा. खोटं नाही, जरा लवकर आहे एवढंच.

आता प्रत्येक पाइपात चमकी आहे. ती गेली की नाही हे ओढून पाहिल्याशिवाय कळत नाही. आज बरेच ओढून पाहिले.

सेलिन खोकत होती. थंडी.

१६ फेब्रुवारी, रविवार

ऐतिहासिक दिवस. आळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी टाकलं होतं: पाइपप्रेमींनी मिस्सानंतर माझ्या ओटीवर यावे, पाइपविषयीच्या अडचणींवर चर्चा होईल. दोघे-तिघे येतील असं वाटलं होतं. ओटी भरली! पलीकडची प्रिस्का तर नवरा आणि सासूला घेऊन आली. गावात एवढी आवड दडलेली असेल याची मला कल्पना नव्हती.

मी सुरुवात केली की, पाइपात पाणी साचणं ही सर्वांत मोठी समस्या. प्रिस्का म्हणाली, सर, आमच्या पाइपात पाणी येतच नाही. मी तिचं अभिनंदन केलं. मग मी म्हणालो, हवा नीट खेचली गेली पाहिजे. त्यावर सगळे एकदम बोलायला लागले. आमच्याकडे हवाच येते सर, नळ सोडला की नुसती फुसफुस. अर्नाळ्याहून मासळी घेऊन येणारी रोझलीन टोपली खाली ठेवून म्हणाली, मास्तर, ते ऱ्हाऊद्या, पानी कवा येनार ते सांगा. पेंटर भूपेश म्हणाला, हे कलेक्टरपर्यंत न्यायला पाहिजे. मी नम्रपणे म्हणालो, समोरच बसलाय.

इथे घोटाळा उघड झाला. पण सभा वाया गेली नाही. मला पाणी समितीचा अध्यक्ष केलं आहे. जाताना निदान प्रत्येकाने संग्रह पाहिला. प्रिस्काच्या सासूने नाकाला पदर लावून विचारलं, सँड्राला याच खोलीत ठेवणार?

अध्यक्षपदामुळे खोलीचं काम पुढे ढकलावं लागणार.

४ मार्च, मंगळवार

उद्या राखेचा बुधवार, ईस्टरपर्यंतचा उपवासकाळ सुरू. संकल्प: संपूर्ण उपवासकाळ पाइप बंद. सेलिनला तसं सांगितलं. तिने ताटावरून मान वर करून माझ्याकडे पाहिलं. खरंच का, म्हणाली. मला तिचा स्वर आवडला. लग्नाच्या सुरुवातीला असा असायचा.

९ मार्च, रविवार

उपवासकाळात रविवार धरत नाहीत. हे माझं नाही, चर्चचं गणित आहे. सकाळी एक पेटवला. बुधवारपासूनचे धरून दोन. बुधवारचा मोजत नाही, तो पेटलाच नाही नीट.

नेमकी आजच सँड्रा खोली पाहायला आली. लेस्टरने गाडीतून आणलं. जावई चांगला आहे, बोलत नाही. सँड्रा उंबऱ्यावर थांबली, आत गेलीच नाही. मी समजावलं, बेटा, हा साधा तंबाखू नव्हे, व्हॅनिलाचा आहे, आइस्क्रीममध्ये घालतात तो. ती ओढणी तोंडाला लावून वाडीत पळाली आणि केळीखाली ओकली. मी म्हणालो, या दिवसांत होतंच. सेलिन म्हणाली, सातव्या महिन्यात नाही होत.

जेवायला थांबले नाहीत. सेलिनने कालवण डब्यात भरून दिलं. जाताना सँड्रा म्हणाली, पप्पा, मी भांडत नाही हं, पण मला इथे यायचंय. तुम्ही करा ना काहीतरी.

करतोच आहे. तिला दिसत नाही, तयारी किती झाली आहे.

१३ मार्च, गुरुवार

फादर घर आशीर्वादित करायला आले. तिच्या खोलीत पवित्र पाणी शिंपडताना तीनदा शिंकले. मी त्यांना माझा लांब दांडीचा पाइप दाखवला. त्या प्रकाराला इंग्रजीत चर्चवॉर्डनच म्हणतात. नावातच चर्च आहे, फादर! फादर हसले आणि म्हणाले, निकोलस, मुलीची खोली हीच ना? सगळ्यांचं या खोलीवर एवढं लक्ष का आहे कळत नाही.

२२ मार्च, शनिवार

सेलिन नायगावला गेली. सँड्राला एकटीला जमत नाही, लेस्टर कामावर जातो. थोड्या दिवसांसाठीच. दोन बॅगा, तिची माळ, आणि शोकेसमधला लग्नातला डिनर सेट अर्धा. एवढ्या प्लेट्स कशाला, मी विचारलं. बारशाला लागतील म्हणाली. मी म्हणालो, बारसं इथेच होणार ना. ती रिक्षात बसली.

प्रिस्काने कुंपणावरून विचारलं, सर, मुलगी माहेरी येते की आई मुलीकडे जाते? मी सांगितलं, काळ बदलला, तिथे लिफ्ट आहे. प्रिस्काला पटलं असावं. कपडे वाळत घालू लागली.

शोकेसचा रिकामा कप्पा फार दिवस तसाच ठेवणं बरं दिसत नाही. मिरशॉम तिथे नेमके बसले. म्हणजे खोलीतून संग्रह हलायला सुरुवात झाली. प्रगती आहे.

२० एप्रिल, ईस्टर

एकट्याने मिस्सा. एकट्याने जेवण, अंडी आणि पाव. उपवासकाळ यशस्वी पार पडला (रविवार, संत जोसेफचा सण आणि किरकोळ दिवस वगळता). म्हणून आज दिवसभर सूट.

नायगावला फोन. सँड्राचं बीपी वाढलंय. सेलिन म्हणाली, डॉक्टरांनी आराम सांगितलाय, इथे बाराव्या मजल्यावर दिवसभर ड्रिलिंग चालतं, पोरीला झोप नाही. गासला असती तर वाडीत सावलीला बसली असती. मी म्हणालो, मग आणा ना. सेलिनने फोन ठेवला.

भूपेशला रंगासाठी बोलावलं. तो भिंतीवरून बोट फिरवून म्हणाला, सर, आधी खोली रिकामी करा आणि ओढणं बंद करा, नाहीतर हा पिवळेपणा रंगातून परत वर येईल. पेंटर लोकांना दुसऱ्याला उपदेश करायची फार हौस.

संकल्प: एक मेपासून. महाराष्ट्र दिन, चांगला दिवस आहे.

४ मे, रविवार

एक मे सुट्टीचा दिवस असतो, कामाचा नाही. हे आधी लक्षात यायला हवं होतं.

घरात आवाज नाही. सेलिन असताना किती बोलते असं वाटायचं. संध्याकाळी रोझरी म्हणायला बसलो, अर्ध्यात अडकलो. मधली ओळ नेहमी ती घेते.

२४ मे, शनिवार

मुलगी झाली. वजन कमी, पण ठीक आहे. सँड्राही ठीक.

मी तिथे नव्हतो. हे लिहून ठेवतो, कारण उद्या कोणी वेगळं सांगेल. तारीख पुढच्या आठवड्याची होती, मला काय स्वप्न पडलं होतं? मुंबईला एका पारशी गृहस्थांच्या घरी जुन्या वस्तूंची विक्री होती, वाकड्या दांडीचा एक ब्रायर पाहायला गेलो. तिथे फोन सायलेंट ठेवायचा नियम होता. नियम नव्हता, पण सभ्यता असते. बाहेर पडलो तर सेलिनचे नुसते मिस्ड कॉल. बीपी एकदम चढलं, रात्रीच नेलं, सकाळी सिझर. लेस्टरने मेसेज केला होता: डॅडी, प्लीज.

तडक गेलो. वॉर्डच्या दारात नर्सने अडवलं. अंकल, तुम्ही सिगारेट पिता? म्हणालो, नाही, पाइप. ती म्हणाली, मग आत नाही जायचं, बाळ नाजूक आहे. हॉस्पिटलं हल्ली नको इतकी कडक झाली आहेत. काचेतून पाहिलं. कपड्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. बहुतेक तीच होती.

सेलिन बाहेर आली. मला वाटलं, रागावेल. तिने माझ्या खिशातून डोकावणारी दांडी पाहिली आणि म्हणाली, जेवलात का?

१५ जून, रविवार

बाळाला अजून घेतलेलं नाही. फोनवर पाहतो. सेलिन कॅमेरा धरते, निम्मा वेळ छतच दिसतं. नाव एलिसा ठेवणार. कान माझे आहेत. सँड्रा म्हणते, पप्पा, अजून कोणाचेच नाहीत.

आज चहा घेता घेता एकाएकी रडू आलं. कारण काही नव्हतं. कप धुवायला उठलो आणि आलं.

बस झालं. सगळे पाइप खोक्यांत भरले, शोकेसमधले पण. स्टॅनीने माळा दिला. पडदे काढून जाळले. तंबाखूचे डबे वाडीत पुरले. भूपेशला हातापाया पडून बोलावलं. तो म्हणाला, आता सर? म्हणालो, आत्ताच.

२९ जून, रविवार

रंगाचे दोन हात दिले, पिवळं वर आलं. तिसरा हात. दमट हवेमुळे वाळत नाही. भूपेश म्हणतो, घाई करू नका. पण यावेळी उशीर माझ्यामुळे नाही. पंधरा तारखेपासून एकदाही ओढलेला नाही. झोप नाही, तोंडात खडीसाखर. कोणाला सांगितलेलं नाही. सरप्राइज.

६ जुलै, रविवार

दोनदा आंघोळ, नवा शर्ट. वाळला रंग. पांढरा स्वच्छ. खिडकीला सुती पडदे, पलंगावर नवी चादर. सकाळीच नायगाव गाठलं.

खाली सोसायटीत पांढरी गाडी उभी होती. वर दार उघडंच. लेस्टरची आई, जॉयस, निर्मळहून आली होती. बॅगा भरलेल्या. मला वाटलं, सेलिनला कसं कळलं? मी दारातूनच सांगितलं, खोली तयार आहे, चला.

लेस्टर मोबाइलमध्ये पाहू लागला. मग सँड्रा म्हणाली, पप्पा, काल सव्वा महिना झाला. बाळंतपण संपलं. आता या सासरी न्यायला आल्यात, निर्मळला. अगदी हळू म्हणाली. रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं.

मी म्हणालो, हो का. बरोबर आहे. तसंच असतं.

बॅगा मीच खाली नेल्या. बाळाचा टब, गादी, पाळणासुद्धा. जॉयसबाई म्हणाल्या, सर, वाटेत गास आहेच, तुम्हा दोघांना सोडतो. पुढच्या सीटवर बसलो. लेस्टरने माझ्या बाजूची काच खाली केली. मागे एलिसा सेलिनच्या मांडीवर होती, मान वळवली की तिचा एक पाय दिसायचा.

फाट्यावर गाडी थांबली. मी म्हणालो, पाच मिनिटं या ना, नुसती खोली बघा. सँड्राने सासूकडे पाहिलं. जॉयसबाई म्हणाल्या, बाळ झोपलंय हो सर, ख्रिसमसला येऊ. सेलिनने बाळ सँड्राच्या हातात दिलं आणि उतरली. गाडी गेली.

घरी सेलिनने खोलीत डोकावून पाहिलं. भिंतीला हात लावला. छान झालाय रंग, म्हणाली. मग आमच्या खोलीत जाऊन पडली. फार दमली आहे.

मघाशी स्टॅनीचा फोन आला. माळ्यावर जागा लागतेय, खोकी कधी नेतोस? म्हणाला, तुझी ती खोली तर आता रिकामीच आहे.