अकरा आदर्श आणि दोन गोळ्या

४ जून

चि. धाकटीस अ. उ. आ.

इकडे सर्व ठीक. शाळेचे गणवेश शिवायला घेतलेत. तुझी वहिनी म्हणते, हल्ली जेवणातसुद्धा निळा दोरा निघतो.

सात वर्षं मी एचआयव्हीची गोळी एकदाही चुकवली नाही. सकाळी आठला देवाचं नाव, मग गोळी. दर महिन्याला दवाखान्यातल्या सिस्टरबाई डबीत उरलेल्या गोळ्या मोजतात. त्याचं फळ मिळालं. दर महिन्याला पंच्याण्णव टक्क्यांच्या वर गोळ्या घेणाऱ्या आम्हा अकरा जणांचा ‘आदर्श रुग्ण’ म्हणून सत्कार आहे. हार, भिंतीवरचं घड्याळ, पाहुण्यांबरोबर फोटो, पेपरात बातमी. मी नको म्हणालो, तर त्या म्हणाल्या, वरून आलेल्या फॉर्मात ‘नको’चा रकानाच नाही.

माझा आजार वहिनीला आणि तुला सोडून कुणाला ठाऊक नाही. फोटो छापून आला, तर पोरांची मापं घ्यायला मला कोण बोलावेल? ज्या शहाण्याने ही योजना काढली, त्याला देव सुबुद्धी देवो. तुझ्याच आरोग्य खात्याच्या कार्यालयातला असणार. भेटला तर सांग.

जिवाला जप.
तुझा दादा

१२ जून

ती. दादास सा. न. वि. वि.

तो शहाणा मला रोज आरशात भेटतो. योजना माझी. लिहिताना डोळ्यांपुढे तूच होतास. फोटोची कल्पना साहेबांची, पण ती सुरेख अक्षरात उतरवली मीच. सत्कार ऐच्छिक करा, असं टिपण आता दिलंय. ते पाच टेबलांवरून फिरेपर्यंत हार सुकलेले असतील. त्या दिवशी ताप आला म्हणून सांग. गोळीशी मात्र खेळू नकोस.

रागाव, पण लोभ आटवू नकोस.
धाकटी

३ जुलै

चि. धाकटीस अ. उ. आ.

ताप सांगितला. सिस्टरबाई म्हणाल्या, मग पाहुणे हार घेऊन घरीच येतील, फोटोवाल्यासकट. मी घाबरलो आणि नको ते केलं. महिन्याचे टक्के पंच्याण्णवच्या खाली यावेत म्हणून दोन दिवस गोळी घेतली नाही. देवापुढे बसलो, पण वर पाहवेना.

मोजणीच्या दिवशी आम्ही अकराही जण खाली माना घालून रांगेत. प्रत्येकाच्या डबीत दोन-दोन गोळ्या. सिस्टरबाईंनी चष्मा पुसून पुन्हा मोजल्या, मग बाकावर बसवून आम्हाला तासभर झाडलं. सत्काराला एकही आदर्श उरला नाही. पाहुण्यांनी हार एकमेकांना घातले. अकरा घड्याळं दवाखान्याच्या भिंतीवर लागली. अकरा वेगळ्या वेळा दाखवतात.

माझी गोळी पुन्हा आठलाच सुरू आहे. रक्त तपासायला दिलंय; जीव टांगणीला आहे. त्यात वरून पत्र आलं की आम्ही आता ‘अनियमित रुग्ण’, आमचं शिबिर घ्यायचं, फोटोसह. हाही शहाणा तूच का?

उत्तराची वाट पाहतो.
दादा

२० जुलै

ती. दादास सा. न. वि. वि.

हा शहाणा दुसरा. पण त्याचा कागद माझ्या टेबलावरून जायचा होता. फोटोवर काट मारली आणि ‘नको’चा रकाना आखला. साहेबांनी विचारलं, हे कुणी सुचवलं. मी म्हटलं, अकरा जणांनी.

तुझा अहवाल वहिनीने फोनवर सांगितला. विषाणू दबलेलाच आहे. मी फायलींपुढेच हात जोडले.

सकाळी देवाजवळ माझ्यासाठीही क्षमा माग. चूक माझी होती, उपास तुला घडला.

लोभ आहेच, तो राहू दे.
तुझी धाकटी